स्लॅब ओला असताना

(अभियंता दिनानिमित्त विश्वेश्वरय्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण सप्टेंबरात जमतो ते विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांच्या कल्पनेतले स्वयंचलित दरवाजे बसले. त्या दरवाजांबद्दल बोलताना आपण बहुधा यंत्राचं कौतुक करतो. मला त्यामागची वेळेची जाण अधिक मोलाची वाटते. पाणी किती अडणार हे भिंतीची उंची ठरवते. ते केव्हा अडवायचं आणि केव्हा जाऊ द्यायचं, हे दरवाजांचं काम. आजच्या माझ्या विषयातही सगळं अडतं ते 'केव्हा' या प्रश्नापाशीच.

विषय साधा आहे. पोलादी गर्डरच्या पुलावर काँक्रीटचा स्लॅब घालतात कसा? या सभागृहात निम्मे तरी लोक अभियंते नाहीत, म्हणून दोन शब्द ओळखीचे. मुंबईकरांना असे पूल रेल्वेमुळे माहीत झाले आहेत. हँकॉक, कर्नाक, अंधेरीचा गोखले पूल: जुना पाडायचा, मेगाब्लॉक घ्यायचा, रात्रीत गर्डर सरकवायचा, ही बातमी आपण गेल्या दहा वर्षांत किती वेळा वाचली! गर्डर बसला की वर्तमानपत्रात छायाचित्र येतं. त्यानंतर महिनोन्‌महिने पूल उघडत नाही आणि लोक विचारतात, आता काय राहिलं? राहिलेलं असतं ते स्लॅबचं काम. त्याचं छायाचित्र कुणी काढत नाही. पण माझं म्हणणं असं आहे की या प्रकारच्या पुलाच्या आयुष्यातली सर्वांत धोक्याची घटका गर्डर चढवण्यात संपत नाही. ती येते स्लॅब ओतला जात असताना, काँक्रीट ओलं असताना. आणि त्या घटकेचा विचार आपल्या नकाशांवर, निविदांमध्ये आणि शिक्षणात सर्वांत कमी केलेला असतो.

हे असं का, ते आकड्यांत सांगतो. ४० मीटरचा गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, घ्या. गर्डर एकमेकांपासून ३ मीटरवर, स्लॅब २४० मिलिमीटर जाडीचा. एका गर्डरच्या वाट्याला दर मीटर लांबीत पाऊण घनमीटरहून किंचित कमी काँक्रीट येतं, म्हणजे सुमारे १.८ टन. संपूर्ण गर्डरवर ७२ टन. गर्डरचं स्वतःचं वजन या लांबीला साधारण २० ते २५ टन. म्हणजे गर्डर आपल्या तिप्पट वजन अंगावर घेतो, तेही काही तासांत. आणि या तासांत काँक्रीट त्याला काहीच परत देत नाही.

काही दिवसांनी चित्र पालटतं. गर्डरच्या वरच्या फ्लँजवर, म्हणजे माथ्याच्या आडव्या पट्टीवर, पोलादी स्टड वेल्ड केलेले असतात, १९ किंवा २२ मिलिमीटर व्यासाचे, वर टोपी असलेले. काँक्रीट घट्ट झालं की हे स्टड त्यात रुततात आणि गर्डर व स्लॅब यांना एकमेकांवरून सरकू देत नाहीत. दाब काँक्रीट घेतं, ताण पोलाद घेतं, आणि दोघांचं मिळून जे अंग तयार होतं त्याचा ताठपणा एकट्या गर्डरच्या दुप्पट-तिप्पट असतो. यालाच आपण संमिश्र किंवा कॉम्पोझिट बांधकाम म्हणतो. भारतीय रस्ते काँग्रेसची आयआरसी-२२ ही संहिता याचसाठी आहे. अमेरिकेच्या पूल-नियमांत ही पद्धत १९४४ मध्ये आली. स्टडची वेल्डिंगची पद्धत मात्र पुलांसाठी जन्मलेली नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कॅलिफोर्नियात मेअर आयलंडच्या नौदल गोदीत टेड नेल्सन यांनी ती विकसित केली, जहाजाच्या पोलादावर लाकडी फळ्या पटापट बसवता याव्यात म्हणून. इलिनॉय विद्यापीठात इव्हान व्हीस्ट यांनी आणि पुढे लीहाय विद्यापीठात स्लटर, फिशर प्रभृतींनी चाचण्या केल्या आणि १९५०-६० च्या दशकांत स्टड पुलांवर रुळला. तोवर चॅनेलचे तुकडे, सळईची वेटोळी असं काय काय वेल्ड करत असत.

स्टडची तपासणी अगदी सोपी आहे आणि म्हणूनच ती टाळली जाते. हातोडा घ्यायचा, स्टड ठोकून वाकवायचा. बुडाशी तडा न जाता वाकला तर पास. तुटून उडाला तर त्या दिवशीचं मशीनचं सेटिंग चुकलेलं आहे, आणि मग त्या पाळीतले बाकीचेही बघावे लागतात. आपल्याकडे स्टड बहुधा कारखान्यातच लावून येतात. अमेरिकेत २००१ चा सुरक्षेचा नियम वेगळं सांगतो: माणसं फ्लँजवरून चालतात, पाय अडखळतो, म्हणून चालायला पक्का पृष्ठभाग तयार होईपर्यंत असे स्टड आधी लावायचे नाहीत. आपल्या कामांवर स्टडच्या रांगांमधून तोल सावरत चालणारे सळईवाले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या नियमाचं महत्त्व सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. गर्डरचा वरचा फ्लँज दाबाखाली असतो. दाबाखालची कुठलीही सडपातळ गोष्ट बाजूला पळू बघते. स्लॅब घट्ट झाल्यावर स्टडमुळे हा फ्लँज सगळ्या लांबीभर धरून ठेवला जातो, त्याला पळायला जागाच उरत नाही. पण स्लॅब ओला असताना त्याला धरणारं कोण? फक्त दोन गर्डरांमधल्या आडव्या चौकटी, म्हणजे क्रॉस-फ्रेम, आणि वरच्या फ्लँजच्या पातळीत दिलेलं तिरकं ब्रेसिंग असेल तर ते. पूल उभा राहिल्यानंतर यातल्या बऱ्याच पोलादाला फारसं काम उरत नाही. म्हणून खर्च कापायला बसलेल्या माणसाची नजर नेमकी तिथेच जाते.

१० ऑक्टोबर २००२ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या मार्सी या गावाजवळ असंच घडलं. रस्त्यावरून जाणारा पादचारी पूल, एकच गाळा, सुमारे ५२ मीटरचा. खाली एकच पोलादी गर्डर, वरून उघड्या पेटीच्या आकाराचा. तोंड वर, त्यावर काँक्रीटचा स्लॅब यायचा. काँक्रीट एका टोकाकडून ओतत कामगार मध्यापर्यंत आले असतील-नसतील, तोच सगळा गर्डर एका अंगावर पिळवटला आणि खाली आला. एक कामगार गेला, नऊ जखमी झाले. पोलाद हलकं नव्हतं, वेल्डिंग वाईट नव्हतं. कमी होतं ते पेटीच्या उघड्या तोंडाशी, लांबीभर, आडवं-तिरकं ब्रेसिंग. घरी गेल्यावर काडेपेटीचा आतला खण बाहेर काढून दोन्ही टोकांनी पिळून बघा, सहज पिळतो; बाहेरच्या वेष्टणात सरकवा आणि मग पिळा. मार्सीच्या पुलाला वेष्टण मिळणार होतं ते घट्ट झालेल्या स्लॅबचं. ते मिळायच्या आधी त्याच्यावर स्लॅबचं वजन पडलं. त्याच वर्षी स्वीडनमध्येही याच जातीचा एक पूल काँक्रीट ओतताना याच रीतीने गेला. म्हणजे हे कुणा एकाच्या गलथानपणाचं प्रकरण नाही. पूर्ण झालेल्या पुलाचं गणित बरोबर होतं, अपूर्ण पुलाचं गणित कुणी मांडलंच नव्हतं.

अभियांत्रिकीच्या वर्गात आपण विद्यार्थ्याला पुलाचं चित्र काढून देतो ते पूर्ण पुलाचं. त्यावर ट्रक चालवतो, भूकंप देतो, वारा देतो. ते सगळं हवंच. पण पूल पूर्ण होईपर्यंत तो आठ-दहा वेगवेगळ्या पुलांमधून जातो, आणि त्यातला प्रत्येक स्वतंत्रपणे उभा राहावा लागतो, हे माझ्या पिढीला कुणी वर्गात सांगितलं नाही. आजच्या पिढीला सांगतात का, हे प्राध्यापक मंडळींनी मला चहाच्या वेळी सांगावं.

आता पद्धतींकडे येतो. सर्वांत जुना आणि सर्वांत सोपा विचार असा की गर्डरला खालून टेकू द्यावेत. मग ओल्या काँक्रीटचं वजन टेकू घेतील, काँक्रीट घट्ट झाल्यावर टेकू काढावेत आणि सगळा भार गर्डर-स्लॅब जोडीने उचलावा. पोलाद थोडं वाचतं. पण हे जिथे जमतं तिथे पोलादी गर्डर घेण्याचं कारणच बहुधा नसतं! पोलाद आपण घेतो ते खाली नदी खोल असते म्हणून, किंवा रूळ असतात म्हणून. लोकलच्या सहा मार्गिकांमध्ये कोण टेकू उभे करू देणार? म्हणून बहुतेक वेळा बिनटेकूचंच काम असतं: गर्डर एकट्याने आपलं आणि ओल्या स्लॅबचं वजन झेलतो, त्यानंतर येणारा कठडा, डांबर आणि वाहतूक जोडी मिळून झेलते. गर्डरच्या अंगात पहिल्या टप्प्यातला ताण कायमचा कोंडला जातो, त्याचा झोळही कायमचा राहतो. म्हणून त्याला कारखान्यातच वर उचललेला बाक देतात, कॅम्बर. स्लॅब पडला की बाक जवळपास सरळ व्हावा, असा हिशेब.

या कॅम्बरने फार जणांना फसवलं आहे. नकाशावर लिहिलेला बाक आणि प्रत्यक्षात आलेला बाक कधीच तंतोतंत जुळत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने थोडा फरक, बोल्टच्या जोडात थोडा फरक, उन्हात वरचा फ्लँज तापला की आणखी थोडा. शहाणा साइट इंजिनिअर गर्डर बसल्यावर, भल्या पहाटे, प्रत्येक गर्डरवर दर दोन-तीन मीटरला लेव्हल घेतो आणि फ्लँज व स्लॅब यांच्यामधल्या जागेची, हाँचची, उंची त्या लेव्हलवरून ठरवतो. जो नकाशावरून ठरवतो त्याच्या स्लॅबची जाडी मध्यावर २० मिलिमीटरने जास्त किंवा कमी निघते. जास्त निघाली तर वजन वाढतं. कमी निघाली तर सळईवरचं काँक्रीटचं कव्हर जातं. आणि दोन्ही गोष्टी काँक्रीट पडल्यानंतरच लक्षात येतात.

यासाठी एक जुनी रीत आहे, ती मी सगळ्यांना सांगतो. स्क्रीड मशीन, म्हणजे काँक्रीटची पातळी कापत जाणारं यंत्र, आदल्या दिवशी कोरडं चालवायचं. काँक्रीट नाही, फक्त सळई बांधलेली. यंत्राखाली पट्टी धरून प्रत्येक ठिकाणी शटरिंगपर्यंतची आणि वरच्या सळईपर्यंतची उंची मोजायची. दोन माणसं, एक दुपार. एवढ्यावर भागतं.

शटरिंगबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण अपघात आणि भांडणं दोन्ही तिथेच होतात. दोन गर्डरांच्या मधला भाग सोपा. प्लायवुड लटकवता येतं. अवघड असतो तो बाहेरचा कँटिलिव्हर, जिथे पादचारी मार्ग आणि कठडा येतो. तिथे बाहेरच्या गर्डरला त्रिकोणी ब्रॅकेट टांगतात. वरचा हुक फ्लँजला बाहेर ओढतो, खालचा पाय वेबला, म्हणजे गर्डरच्या उभ्या पत्र्याला, आत ढकलतो. म्हणजे बाहेरचा गर्डर पिळला जातो. त्यावर स्क्रीड मशीनचं चाक फिरतं, बूमवाला काँक्रीटचा ढीग तिथेच टाकतो, सात-आठ माणसं तिथेच उभी राहतात. एका कामावर मी पाहिलं आहे: गर्डर काही मिलिमीटरच फिरला, कुणाला डोळ्याने दिसलाही नाही, पण ब्रॅकेटच्या टोकाला त्याचे वीस-बावीस मिलिमीटर झाले आणि कठड्याच्या बाजूचा स्लॅब तेवढा खाली गेला. पावसाळ्यात पाणी निचऱ्याच्या नळीकडे न जाता तिथे साचू लागलं. ठेकेदार म्हणाला गर्डर कमकुवत, डिझायनर म्हणाला ब्रॅकेट चुकीचं. दोघांचंही खरं होतं, कारण ब्रॅकेट गर्डरला लागणार आहे हे डिझायनरला कुणी कळवलं नव्हतं आणि गर्डर पिळणार आहे हे ठेकेदाराला.

प्लायवुडचा दुसरा प्रश्न ते काढण्याचा. खाली २५ हजार व्होल्टची तार आणि मिनिटामिनिटाला गाडी असेल तर शटरिंग उतरवायला पुन्हा ब्लॉक मागावा लागतो. म्हणून रेल्वेवरच्या पुलांवर आता नालीदार पोलादी पत्रा, डेकशीट, खाली कायमचाच सोडून देतात. काम वेगाने होतं, खाली काही पडण्याची भीती कमी होते. सोय मोठी आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण त्याची किंमत आपण मोजतो ती तीस वर्षांनी. स्लॅबच्या पोटात तडे गेले, पाणी झिरपून पत्रा आणि काँक्रीट यांच्यामध्ये अडकलं, तर खालून पाहणी करणाऱ्याला नुसता पत्रा दिसतो. पत्र्यावर गंजाचा डाग फुटेपर्यंत आत काय चाललं आहे याचा पत्ता नसतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि कोकणच्या पावसात हा विचार आधी करायला हवा: पत्र्याला निचऱ्याची भोकं ठेवा, आणि त्याचं बळ स्लॅबच्या गणितात धरू नका.

टेक्सासमध्ये या जागी कारखान्यात केलेल्या प्रीस्ट्रेस, म्हणजे आधीच दाबून ठेवलेल्या, काँक्रीटच्या पातळ फळ्या वापरतात. फळी खाली, ओतलेलं काँक्रीट वर, दोन्ही मिळून स्लॅब. ब्रिटनमध्येही या तऱ्हेच्या फळ्या जुन्या आहेत. दोन फळ्यांच्या सांध्यावर वर तडा उमटतो, हा त्यांचा दोष; फळीला गर्डरवर बसायला नीट, भरीव बैठक दिली नाही तर तो हमखास उमटतो.

आता ओतण्याचा क्रम. एका गाळ्याच्या पुलात हा प्रश्न बराच सोपा आहे. सलग तीन गाळ्यांचा पूल घेतला की बुद्धी पणाला लागते. सलग गर्डरमध्ये गाळ्याच्या मध्यावर वरचा भाग दबतो आणि खांबावर वरचा भाग ताणला जातो. काँक्रीटला ताण सोसत नाही. समजा डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एका रात्रीत सरळ ओतत गेलो. पहिल्या खांबावरचं काँक्रीट पहाटे तीनला धरायला लागलं. चार वाजता पुढच्या गाळ्यात नवं वजन पडलं. गर्डर वाकला, खांबावरचा वरचा भाग ताणला गेला आणि अर्धवट धरलेल्या काँक्रीटला तडा गेला. पूल उघडण्याआधीच. म्हणून आधी गाळ्यांचे मधले भाग ओततात आणि ते पुरेसे घट्ट झाले की शेवटी खांबांवरचे पट्टे. यातही एक खोच आहे. कडेचे गाळे आखूड असतील आणि मधला गाळा आधी ओतला, तर टोकाच्या बेअरिंगवरून गर्डर उचलला जाऊ शकतो. म्हणून कडेचे आधी, मधला नंतर, खांब सर्वांत शेवटी, असा क्रम बहुधा बरा. बहुधा म्हणतो, कारण प्रत्येक पुलाचं गणित वेगळं असतं आणि ते करावंच लागतं.

ठेकेदाराला हा क्रम आवडत नाही. प्रत्येक थांब्याला सांधा येतो, प्रत्येक सांध्याला फळी लावायची, दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग खरवडायचा. पंप पुन्हा बोलवायचा. त्याला एका रात्रीत सगळं उरकायचं असतं. ते जमवता येतं, पण मग काँक्रीट धरायला उशीर करणारं रसायन इतकं घालावं लागतं की शेवटची गाडी रिकामी होईपर्यंत पहिलं काँक्रीट मऊ राहावं. आणि शेवटची गाडी घोडबंदर रोडच्या कोंडीत अडकली तर? म्हणून काम कुठे थांबवायचं ती जागा आधीच ठरवून, तिथली फळी कापून, हाताशी ठेवायची असते. ती ठेवलेली नसली की मुकादम जिथे वाटेल तिथे थांबतो, आणि ती जागा बरोबर खांबाच्या डोक्यावर असते, हा माझा अनुभव आहे.

तिरक्या पुलांचंही असंच. मुंबईतले रेल्वेवरचे किती तरी रस्ते रुळांना काटकोनात जात नाहीत. तिथे शेजारशेजारच्या गर्डरांचे मध्य समोरासमोर येत नाहीत. काँक्रीट रस्त्याला काटकोनात ओतत गेलं तर एक गर्डर अर्धा भरलेला आणि शेजारचा पाव भरलेला, असं होतं. एक जास्त खाली जातो, दुसरा कमी, आणि मधल्या चौकटी दोघांना पिळतात. ओतण्याची रेघ खांबांच्या तिरकसपणाला समांतर ठेवली की हे बरंच टळतं. यंत्र तिरकं लावायला एक दिवस जास्त जातो, इतकंच.

क्रम सांभाळला, ब्रेसिंग सांभाळलं, तरी तडे जातातच. का? काँक्रीट वाळताना आकसतं; खाली गर्डर त्याला स्टडनी धरून ठेवतो, आकसू देत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत यावर एक मोठा राष्ट्रीय अहवाल निघाला. त्यात एक लाखाहून अधिक पुलांच्या स्लॅबला सुरुवातीच्या काळातच आडवे तडे गेल्याचं म्हटलं आहे. कारणांमध्ये एक गोष्ट मला फार बोलकी वाटते: जास्त सिमेंटचं, जास्त ताकदीचं काँक्रीट जास्त तडकतं. ते जास्त तापतं, जास्त आकसतं, आणि ताठ असल्यामुळे ताण सैल सोडत नाही. आपल्याकडे एम-४० पुरत असताना 'जरा जास्त बरं' म्हणून एम-५० लिहिणारे सल्लागार आहेत. ते पुलाचं भलं करत नाहीत.

क्युरिंगबद्दल तर मी जितकं बोलेन तितकं थोडं. आयएस-४५६ सांगते की साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओलं ठेवा, उष्ण कोरड्या हवेत किंवा मिश्र सिमेंटला दहा. आपण काय करतो? सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा पाइपने पाणी मारतो. एप्रिल-मे महिन्यात उंचावरच्या पुलावर वारा सुटलेला असतो, स्लॅबची जाडी कमी आणि पृष्ठभाग प्रचंड. पाण्याचा थर तासाभरात उडतो. खरं महत्त्व पहिल्या काही तासांचं असतं, काँक्रीट अजून पाय ठेवण्याजोगंही झालेलं नसताना. तेव्हा वर बारीक फवारा हवा, पृष्ठभाग कापला की मागोमाग ओली गोणपाटं हवीत. गोणपाटं आदल्या रात्री भिजत घातलेली हवीत. कोरडं गोणपाट उलट काँक्रीटचंच पाणी पितं.

हे सगळे ताप टाळायचे असतील तर कारखान्यातच स्लॅबचे पूर्ण जाडीचे तुकडे करून आणावेत, असा मार्ग आहे. माँट्रियलचा जॅक कार्टिए पूल १९३० चा. २००१-०२ मध्ये त्याचा सगळा स्लॅब बदलला. रात्री रस्ता बंद करायचा, जुन्या स्लॅबचा तुकडा कापून उचलायचा, कारखान्यातून आलेला प्रीस्ट्रेस काँक्रीटचा नवा तुकडा बसवायचा, पहाटे वाहतूक सोडायची. शहराला दिवसा काही कळलंही नाही. हडसन नदीवरचा नवा टॅपन झी पूल, २०१७-१८ मध्ये उघडलेला, त्याच्याही पोलादी गर्डरांवर असेच तुकडे बसवले. फायदा नुसता वेगाचा नाही. तुकडा कारखान्यात महिने-दोन महिने पडून राहतो तेव्हा त्याचं बरंचसं आकसणं तिथेच उरकतं. पुलावर आल्यावर तो गर्डरशी भांडत नाही. स्टडसाठी तुकड्यांत भोकं ठेवलेली असतात, ती ग्राउटने भरतात. सगळं नशीब त्या भोकांवर आणि दोन तुकड्यांमधल्या सांध्यांवर अवलंबून. सांधा गळला तर खाली गर्डर गंजणार. न्यूयॉर्क राज्याने या सांध्यांत अतिउच्च ताकदीचं, पोलादी तंतूंचं काँक्रीट भरायला सुरुवात केली. महाग आहे, पण सांध्यात भरायचं ते थोडंच.

मुंबईसारख्या शहरात, जिथे पूल बंद ठेवण्याचा प्रत्येक महिना हजारो माणसांच्या वेळेचा खर्च आहे, तिथे हा मार्ग आपण अधिक गांभीर्याने घ्यायला हवा. मोठे तुकडे आणायला रस्ते अरुंद आहेत, ही अडचण खरी. पण गर्डरचे तुकडे त्याच रस्त्यांनी येतात ना?

कोलकात्याच्या विद्यासागर सेतूचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९९२ मध्ये उघडलेला, तिरक्या केबलींनी तोललेला पूल, मधला गाळा ४५७.२ मीटर. पोलादी गर्डरांची जाळी, तीही वेल्डिंगऐवजी रिव्हेट मारून जोडलेली, आणि त्यावर काँक्रीटचा स्लॅब. तिरक्या केबली पुलाला वर उचलतात तशा त्याला आत, मनोऱ्याकडे, दाबतातही. हा दाब स्लॅबला फुकटचा प्रीस्ट्रेस देतो, म्हणून अशा पुलावर काँक्रीट शोभतं. पण केबल कधी आणि किती ताणायची, स्लॅबचा पट्टा कधी ओतायचा, हे प्रत्येक पावलाला एकमेकांत गुंतलेलं.

स्लॅब म्हणजे अखेर वजन आहे, हे सॅन फ्रान्सिस्कोने वेगळ्या तऱ्हेने ओळखलं. गोल्डन गेट पुलाचा मूळ काँक्रीटचा स्लॅब खाऱ्या धुक्याने सडला, तेव्हा १९८० च्या दशकात तो काढून ७४७ पोलादी तुकडे बसवले. पूल हजारो टनांनी हलका झाला. आपल्या अटल सेतूवरही मोठ्या गाळ्यांना पोलादी डेकच आहे. आणि वजन विसरलं तर काय होतं ते मिनियापोलिसला दिसलं. आय-३५-डब्ल्यू पूल १९६७ चा, १९७७ मध्ये त्याच्या स्लॅबवर दोन इंच काँक्रीट वाढवलं. १ ऑगस्ट २००७ रोजी पुन्हा वरच्या थराचं काम चालू असताना खडी-वाळूचे ढीग पुलावर रचलेले होते, आणि पूल नदीत गेला. तेरा माणसं गेली. मुख्य दोष सांध्याच्या पट्ट्यांचा, हव्या त्यापेक्षा निम्म्या जाडीच्या. पण चाळीस वर्षं टिकलेल्या दोषावर त्या संध्याकाळी ढीग कुठे रचावेत हे कुणी तरी ठरवलं होतं.

आता शेवटी पैशांचं. आपल्या निविदांमध्ये स्लॅबच्या काँक्रीटचा दर घनमीटरमागे असतो आणि त्यापुढे लिहिलेलं असतं: सेंट्रिंग, शटरिंग, सर्व तात्पुरत्या कामांसह. या 'सह' मध्ये सगळं बुडतं. ब्रॅकेट, तात्पुरतं ब्रेसिंग, ओतण्याचा क्रम, थांब्याच्या जागा, यातल्या कशालाही स्वतंत्र दर नाही. म्हणून कशाचंच गणित होत नाही. झालं तरी ते ठेकेदाराच्या उपठेकेदाराच्या सेंट्रिंगवाल्याच्या अनुभवावर होतं. त्याचा अनुभव थोर असतो, मी त्याच्याकडून पुष्कळ शिकलो. पण तो इमारतींचा असतो. तात्पुरत्या कामांसाठी आयआरसी-८७ आहे, संमिश्र पुलांच्या टप्प्यांसाठी आयआरसी-२२ मध्ये तरतूद आहे. नियमांची उणीव नाही. निविदेत वेगळी ओळ नाही, एवढीच उणीव, आणि ती शासनाला एका परिपत्रकाने भरून काढता येईल. तात्पुरत्या कामांच्या आराखड्याला वेगळा दर द्या, तो तपासणाऱ्या अभियंत्याचं नाव कागदावर येऊ द्या.

सभागृहात तरुण अभियंते बरेच दिसतात. तुमच्यापैकी कुणाच्या टेबलावर उद्या पोलादी गर्डरच्या पुलाचा नकाशा मंजुरीला आला, तर सही करण्याआधी त्यावर तीन गोष्टी शोधा: ओतण्याचा क्रम लिहिला आहे का, स्लॅब ओला असताना गर्डरला धरणारं ब्रेसिंग दाखवलं आहे का, आणि ब्रॅकेटचा जोर बाहेरच्या गर्डरच्या हिशेबात धरला आहे का. नसेल, तर नकाशा परत पाठवा.